तंजावरच्या वरच्या मजल्यावरची बाळंतीण

तंजावरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी मोठ्या देवळाबद्दल विचारतात, मग राजवाड्याबद्दल. दोन्ही पाहिलं, आणि दोन्ही पाहण्यासारखंच आहे. पण मी तिथं गेले होते ते माझ्या पाच विद्यार्थ्यांना घेऊन. सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात मी समाजकार्य शिकवते. अंगणवाडी, सरकारी दवाखाना, निराधारांची पेन्शन, तक्रार निवारण अशा सरकारी सेवांमध्ये ही मुलं पुढं नोकरीला लागणार. त्यांनी एकदा तरी, जिथं आपली भाषा मदतीला येत नाही अशा जागी काम करून पाहावं, असं माझ्या बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. प्राचार्य म्हणाले, "भाषा येत नसताना मुलं करणार काय?" मी म्हटलं, "बघतील. आपण बोलू लागलो की बघायचं राहून जातं."

म्हटलं खरं, पण गाडीत बसल्यापासून मला काळजी लागली होती. त्यातली निम्मी अश्विनीपायी होती.

अश्विनी आटपाडी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वर्गात सगळ्यात चांगलं लिहिणारी, पण समोर माणूस आला की तोंडातून शब्द फुटायचा नाही. आधीच्या प्रात्यक्षिकाच्या ठिकाणच्या पर्यवेक्षकांनी तर मला स्पष्टच सांगितलं होतं की या मुलीला दुसरीकडं कुठं तरी वळवा, हे काम तिचं नव्हे. शेवटच्या वर्षाला तिला पुढं जाऊ द्यायचं की नाही, हे मला या दौऱ्यानंतर ठरवायचं होतं. आणि हे तिलाही ठाऊक होतं.

रुक्माबाईंच्या घरी

राजवाड्यामागच्या एका गल्लीत, आमची तिथली सोय लावून देणाऱ्या रुक्माबाई राहतात. समाजकल्याण खात्यातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, गोऱ्या, नाकात हिऱ्याची बेसर आणि पायात कायम रबरी चपला. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडं आलं ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. नातवंडांना मराठी कळतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देतात.

"येवा, येवा. जेवलांत कीं? उगेच उभे काय? बसा," असं म्हणत त्यांनी आमचं स्वागत केलं. सूर अगदी तमिळ, हेलकावे घेत वर जाणारा, आणि शब्द मात्र आपले. मुलं एकमेकांकडं बघू लागली. रोहन नावाचा आमचा बडबड्या मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, ह्यांच्याशी बोलताना आपण चुकीचं बोलतोय असं वाटतं."

केळीच्या पानावर भात, सांबार, वांग्याची रसवांगी आणि एक पांढरी, दह्यातली पातळसर कोशिंबीर आली. रुक्माबाई म्हणाल्या, "ही डांगर पच्चडी." अश्विनीनं बोट बुडवून चाखली आणि आल्यापासून पहिल्यांदा बोलली, "अगं बया, हे तर आपलं डांगर!" उडदाच्या पिठाचं डांगर आमच्याकडं भाकरीशी खातात. तंजावरात ते दह्यात कालवून भाताशी. रुक्माबाईंना भाकरी म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी अश्विनीच्या पानात आणखी दोन पळ्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत लोक आपले अर्ज घेऊन येतात. अर्जाला तिथं 'मनु' म्हणतात. झाडाखाली बसून लोकांचे मनु लिहून देणारे, कडेवर मूल घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे. आमच्याकडंही असे दिवस भरतात. फरक एवढाच दिसला की इथं माणूस अर्ज देताना मान खाली घालत नाही. एक आजीबाई तर अधिकाऱ्यालाच दटावत होत्या. रुक्माबाई हसून म्हणाल्या, "ती सांगते अहे, गेल्या वेळीं तुम्हीं हो म्हणालांत, मग झालें काय?"

चुकीची बस

तिसऱ्या दिवशी पापनाशमकडच्या गावांत जायचं होतं. तमिळ पाट्या कुणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळं रोहननं कंडक्टरला विचारलं, कंडक्टरनं जोरात मान हलवली आणि आम्ही चढलो. ती मान 'नाही'साठी हलली होती की 'चढा लवकर'साठी, ते देव जाणे. बरंच पुढं गेल्यावर कळलं की आम्ही अगदी उलट दिशेला, ओरत्तनाडुच्या रस्त्याला लागलो आहोत.

उतरलो. चहाच्या टपरीवर गरम वडे खाल्ले. पोंगल नुकताच होऊन गेलेला, दारोदारच्या मोठ्या रांगोळ्यांचे रंग अजून पुसले नव्हते. परतीच्या बसला वेळ होता म्हणून मराठ्यांच्या काळातलं छत्रम बघायला गेलो. छत्रम म्हणजे वाटसरूंसाठी राजानं बांधलेली धर्मशाळा. नुसत्या निजण्याची सोय नव्हे; तिथं जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईचीसुद्धा व्यवस्था होई. दगडी खांबांवर हात फिरवत मुलं हिंडत होती. मला मात्र पापनाशमला आमची वाट बघत असलेल्या माणसांना काय तोंड दाखवायचं याचीच काळजी. फोन केला तर तिथले अधिकारी खदखदून हसले आणि म्हणाले, आता पुढच्या आठवड्यात या.

वरच्या मजल्यावरचं दार

अश्विनीला मी शहरातल्याच एका अंगणवाडीत लावलं होतं. तिथल्या सेविका सेल्वी. सगळे त्यांना सेल्वीअक्का म्हणतात. उंच, सावळ्या, केसांत मोगरा, मोपेडवर बसून साऱ्या वॉर्डभर फिरणाऱ्या. त्यांचं इंग्रजी आणि अश्विनीचं इंग्रजी सारखंच तोडकं, त्यामुळं दोघींचं बरं जमलं.

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर होते. सराफ बाजारामागच्या गल्लीत एका घरापाशी सेल्वीअक्का थांबल्या आणि वरच्या खिडकीकडं बोट दाखवून वैतागानं म्हणाल्या, "हिंदी गर्ल. बेबी. नो ओपन." उत्तरेकडची कुणी मुलगी, नुकतीच बाळंत झालेली. बाळाचं वजन करायला येत नाही, लस टोचायला येत नाही, दार वाजवलं तर उघडत नाही. सेल्वीअक्का बऱ्याचदा येऊन गेल्या होत्या. आता 'नकार' म्हणून कळवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आम्ही जिना चढलो. सेल्वीअक्कांनी दार वाजवलं. आत बाळ किरकिरत होतं. मग एक दमलेला बायकी आवाज आला, आमच्यासाठी नव्हे, बाळासाठी. "गप की गं बाय माझी. किती रडशील? मला काय बी कळंना झालंय."

अश्विनी जागच्या जागी ताठ झाली. ही बोली तिच्या गावची होती.

खरं तर मला सुचायला हवं होतं. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, खानापूर, विट्याकडची माणसं सोनंचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. तमिळ मुलखात सराफ बाजार आहे आणि गलाईवाला नाही, असं गाव विरळाच.

मी पुढं होणार तेवढ्यात अश्विनीनं माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. दाराला तोंड लावून ती म्हणाली, "ताई, मी आटपाडीकडची हाय. दार उघडतासा का?"

आत पावलं वाजली. मग कडी निघाली.

रूपाली

तिचं नाव रूपाली. विशीतली. केस विंचरलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं. खोलीत सगळं जागच्या जागी होतं, फक्त ताटातला भात वाळून गेलेला. नवरा सागर चुलत्याच्या गलाईच्या दुकानात कामाला. सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. बाळंतपणाला सासू आली होती, बारसं उरकून परत गेली, कारण गावाकडं जनावरं होती. रूपालीला तमिळचं अक्षर येत नव्हतं. सेल्वीअक्का दार वाजवायच्या तेव्हा तिला वाटायचं, बाळाला न्यायला आलेत.

"न्यायला? का?" अश्विनीनं विचारलं.

"मी बरी आई न्हाय म्हणून." रूपाली भिंतीकडं बघत म्हणाली. "हिच्या पोटात काय बी ऱ्हात न्हाय. माझं दूधच वंगाळ हाय."

मी कोपऱ्यात बसले होते. माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. इतकी वर्षं हेच शिकवते मी. पण अश्विनी काही बोलत नव्हती. ती बाळाकडंही बघत नव्हती, रूपालीकडं बघत होती आणि थांबली होती. तिचं ते गप्प राहणं मी आजवर तिची उणीव समजत आले होते. त्या खोलीत मात्र त्या गप्प राहण्याला जागा होती, आणि रूपाली हळूहळू त्या जागेत येऊन बसली. ती झोपेबद्दल बोलली, जेवणाबद्दल बोलली. मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "वर गच्ची हाय. म्या तिकडं जात न्हाय. हिला घिऊन तर मुळीच न्हाय. कठडा दिसला की मनात भलतंच येतंय."

सेल्वीअक्कांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी उठून हलकेच बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. रूपालीनं ते घेऊ दिलं. मग तिनं अश्विनीचा हात धरला.

"ह्ये कुणाला सांगू नगा. तुला तुझ्या आईची शप्पत."

वर्गात या प्रसंगावर आम्ही तासन्‌तास बोलतो. गुपित राखायचं केव्हा आणि मोडायचं केव्हा. फळ्यावर ते सोपं असतं. इथं एका बाईनं महिनाभरानं दार उघडलं होतं, आणि चुकीचा एक शब्द ते पुन्हा लावून घेणार होता.

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज स्थिर होता. "ताई, ती शप्पत मला घेता यायची न्हाय. तुम्ही आजारी हायसा, आणि ह्या आजाराला औषध हाय. मला डॉक्टरांना सांगायला लागंल. पर जे काय सांगीन ते तुमच्या म्होरं सांगीन. तुमच्या पाठीमागं एक शब्द न्हाय."

रूपालीनं सेल्वीअक्कांच्या मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं.

"आणि हिला न्हेतील का?"

"न्हाय न्हेणार. तुम्ही दोघी बरोबर जायचं. मी येते की."

"आत्ताच?"

"आत्ताच जाऊया. आधी चार घास खावा."

सरकारी दवाखान्यात

मी रुक्माबाईंना फोन केला आणि त्या रिक्षानं थेट दवाखान्यात आल्या. सागरला आणायला रोहनला दुकानावर पाठवलं होतं. तोही धापा टाकत पोचला, अंगाला तेजाबाचा वास, बोटं पिवळी पडलेली. मला वाटलं होतं, हा चिडेल. तो बाकावर बसला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "ती रडतीया ते मला दिसायचं मॅडम. मला वाटलं, बाळंतीण झाली की सगळ्याच रडत्यात. इचारू कुणाला? हितं आमचं कोण हाय?"

डॉक्टरीणबाई तमिळ. तरुण, शांत, जराशा कंटाळलेल्या दिसणाऱ्या, पण प्रश्न विचारायला लागल्या तशा खुर्ची पुढं ओढून बसल्या. त्यांचा तमिळ प्रश्न रुक्माबाई आपल्या मराठीत करीत. रुक्माबाईंनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुम्हांस नीज येते कीं? अन्न रुचतें कीं?"

रूपालीनं डोळे वर केले. अश्विनीच्या कानाशी लागून ती कुजबुजली, "ह्या बाई कीर्तनातल्यागत का बोलत्यात?"

अश्विनीला हसू आवरलं नाही. ते बघून रूपालीला आलं. दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसत बसल्या. रुक्माबाईंनी मला विचारलं, "काय झालें?" मी सांगितलं. त्या इतक्या मोकळेपणानं हसल्या की नर्स आत डोकावली. डॉक्टरीणबाईंना कारण कळलं नाही, पण हसणाऱ्या रूपालीकडं त्या लक्ष देऊन बघत होत्या.

मग अश्विनीनं गच्चीबद्दल सांगितलं. रूपालीच्या समोर, तिचा हात हातात धरून, रूपालीनं वापरले होते त्याच शब्दांत. रुक्माबाईंनी ते तमिळमध्ये सांगताना आवाज अगदी हळू केला. सागर दाराशी उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि भिंतीला टेकला.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. औषध अंगावर पाजत असतानाही चालेल असंच देईन. एकटं ठेवायचं नाही. दुधात काही वाईट नाही. बाळ छातीला नीट लागत नाही एवढंच, ते नर्स शिकवेल. बाळाचं वजन कमी आहे, पण भिण्यासारखं नाही. काही दिवस दोघींना इथंच ठेवून घेऊ.

रुक्माबाईंनी हे सगळं मराठीत सांगितलं. रूपालीनं फक्त एकच विचारलं, "दुधात काय बी वंगाळ न्हाय?"

"नाहीं गो," रुक्माबाई म्हणाल्या. "दूध अमृत अहे."

संध्याकाळी दुकान बंद करून सागरचे चुलते दवाखान्यात आले. त्यांना बघून सागर उठून उभा राहिला. चुलते त्याला म्हणाले, "तू हितंच थांब. दुकानाचं मी बघतो," आणि फोन घेऊन बाहेर गेले. रूपालीच्या आईला आटपाडीहून बोलवायचं त्यांनी त्या फोनवरच ठरवून टाकलं.

पापनाशमच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मला बाकीच्या मुलांबरोबर पापनाशमकडं जावंच लागलं. या खेपेला बस बरोबर होती. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, कालव्यांतून पाणी, नारळीच्या सावलीत सायकली टेकवलेल्या. एका बाजूचा डांबरी रस्ता भात वाळत घालायला वापरत होते आणि बस त्याला वळसा घालून निमूट जात होती. आमच्याकडं ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला असता.

गावात मुलं पेन्शनच्या कामासाठी घरोघर हिंडत होती. एका घरी आम्हाला ताक दिलं, कढीलिंब आणि आलं घातलेलं. मी पेला हातात घेऊन ओट्यावर बसले होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. अश्विनीला तिथं एकटीला सोडून आले, बरं केलं ना? तेवढ्यात फोन वाजला. अश्विनीच होती.

"मॅडम," ती म्हणाली, आणि मागं नर्सचा तमिळ आवाज, कुणाचं तरी बाळ रडत होतं. "मॅडम, बाळ नीट प्यालं. पोटभर. आणि दोघी झोपल्यात. रूपालीताई घोरतीया."

मी ताकाचा पेला एका दमात रिकामा केला. घरमालकिणीला वाटलं, फार तहान लागली असेल. तिनं तो पुन्हा भरला. मी तोही प्याले.

निघताना

रूपालीची आई आली ती डिंकाचे लाडू, बाळगुटी आणि डोक्यावरचा पदर सांभाळत. लेकीला बघून ती रडली नाही. तिनं आधी बाळाला न्हाऊ घातलं, मग लेकीला. डोक्याला तेल लावता लावता म्हणाली, "मला आधी का न्हाय सांगितलंस?" रूपाली म्हणाली, "तू म्हणाली असतीस, सगळ्यांचंच असं असतं." आईचा हात थांबला. "म्हणाले असते," ती म्हणाली, आणि पुन्हा तेल लावू लागली.

रूपाली घरी परतल्यावर अश्विनी तिच्याकडं रोज जायची. सेल्वीअक्काही जायच्या. अश्विनीनं सेल्वीअक्कांना 'बाळ', 'दूध', 'झोप' शिकवलं, सेल्वीअक्कांनी रूपालीला 'वांगा', 'पोदुम', 'पाप्पा' शिकवलं. वांगा म्हणजे या, पोदुम म्हणजे पुरे, पाप्पा म्हणजे बाळ. 'पोदुम' हा शब्द रूपालीला फार आवडला; आईनं लाडू पुढं केला की ती तोच म्हणायची.

शेवटच्या सकाळी आम्ही दोघी निरोप घ्यायला गेलो. औषधं लिहून ठेवली, सोमवारची दवाखान्याची खेप रुक्माबाई सांभाळणार, हे सारं आधीच पक्कं झालं होतं. तरी अश्विनीची पावलं जड पडत होती. या मुलीला पुढच्या वर्षाला पाठवायचं की नाही, हा प्रश्न आता माझ्याकडं उरलाच नव्हता. ते मी तिला जिन्याखालीच सांगितलं. तिनं मान डोलावली, पण लक्ष वरच्या दाराकडं.

दार उघडंच होतं. रूपाली नवी साडी नेसून, बाळाला दुपट्यात गुंडाळून निघायच्या बेतात होती. आई चपला शोधत होती.

"अगं, बसा की," ती म्हणाली, आणि लगेच, "पर न्हाय, बसू नगा. आज अंगणवाडीत वजन हाय. सेल्वीअक्का खाली उभी हाय, ती वरडंल."

अश्विनीनं बाळाच्या गालाला बोट लावलं. "येते मग, ताई."

"जा बिनघोर," रूपाली म्हणाली. तिनं अश्विनीच्या पाठीवरून हात फिरवला, थोरल्या बहिणीनं फिरवावा तसा, आणि जिन्याच्या कठड्याला हात न लावता, एकेक पायरी बघत खाली उतरली. मागून आई.

आम्ही वरच उभ्या होतो. मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"न्हाय मॅडम," अश्विनी म्हणाली. "लई हलकं वाटतंय."

खालून सेल्वीअक्कांचा आवाज आला, मग रूपालीचा. ती मोडक्या तमिळमध्ये काहीतरी जोरात सांगत होती, बहुतेक सगळं चुकीचं, कारण चारपाच बायका एकदम हसल्या आणि त्यांच्यात तीही हसली. त्या हसण्यात आम्हाला बोलावणं नव्हतं. आम्ही चपला घातल्या आणि स्टेशनाकडं निघालो.